सीआरझेडची फीत धरायची कुठून?

कातळसडा (धागाकर्ता)

‘सीआरझेड आता पन्नास मीटरवर आलाय, बिनधास्त जागा घ्या’ हे वाक्य मी एसटीत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि प्रचारसभेतही. सीआरझेड म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र, भरतीरेषेपासून आतला तो पट्टा जिथे बांधकामावर बंधनं आहेत. सांगणारा बहुतेक वेळा जमिनीचा दलाल असतो, नाहीतर दलालाचा मेहुणा. म्हणून हा धागा काढतोय. ज्यांची घरं, मांगर, माडांच्या वाड्या किनाऱ्याला लागून आहेत त्यांनी वाचा. ज्यांना जास्त माहिती असेल त्यांनी भर घाला.

थोडा इतिहास आधी. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवा. पत्राला पत्राएवढीच किंमत मिळाली. मग १९ फेब्रुवारी १९९१ ला पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली पहिली सीआरझेड अधिसूचना निघाली. तिच्यात वीसपंचवीस दुरुस्त्या झाल्यावर ६ जानेवारी २०११ ला दुसरी आली, आणि १८ जानेवारी २०१९ ला तिसरी. सध्याचा सगळा गोंधळ या तिसरीचा.

लक्षात घ्या, यातल्या एकाही रेषेवर संसदेत मतदान झालेलं नाही. मसुदा राजपत्रात येतो, हरकतींना साठ दिवस मिळतात, मग अंतिम अधिसूचना. २०१८ च्या एप्रिलमध्ये मसुदा आला तेव्हा आमच्या गावात कोणाला पत्ताही नव्हता. मे महिना, आंब्याचा हंगाम, पेट्या भरायच्या की राजपत्र वाचायचं?

आता ‘पन्नास’ची गोष्ट. २०१९ ला ग्रामीण किनाऱ्याचे, म्हणजे सीआरझेड-३ चे, दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार जिथे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त, तो ‘३-अ’. तिथे ना-विकास क्षेत्र, म्हणजे नवं बांधकाम नको असा पट्टा, भरतीरेषेपासून ५० मीटर. बाकी सगळा ‘३-ब’, तिथे पूर्वीसारखेच २०० मीटर. आणि ३-अ मध्येसुद्धा ५० लागू व्हायला नव्या अधिसूचनेप्रमाणे केलेला किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर असावा लागतो. तोवर २०० च.

रत्नागिरी जिल्ह्याची २०११ ची घनता १९७. सिंधुदुर्गाची १६३. आता २१६१ कुठे आणि १६३ कुठे! कोकणातल्या बहुतेक गावांना पन्नास लागूच होत नाही. दलाल हे सांगत नाही.

त्यातला अन्याय बघा. जनगणनेचा आकडा महसुली गावाचा असतो. आमच्या गावात खाली बंदरावर घराला घर चिकटलेलं आहे, पावसाळ्यात दोन घरांच्या पागोळ्या एकाच गटारात पडतात. पण गावाच्या क्षेत्रफळात वरचा सगळा कातळाचा सडा आणि काजूचे डोंगर मोजले जातात, जिथे गुरं आणि वारा सोडून कोणी नाही. भागाकार केला की बंदरवाडी विरळ वस्तीची ठरते! ज्यांना खरी सवलत हवी होती त्या कोळीवाड्यांना ती सड्याच्या भारामुळे नाही.

पण माझं मुख्य म्हणणं वेगळंच आहे. ५०, १००, २००, ५०० यांवर सगळे भांडतात. फितीचं दुसरं टोक कुठे आहे त्यावर वाद, आणि पहिलं टोक कुठे ठेवलंय ते कोणी विचारत नाही. शून्य म्हणजे भरतीरेषा, ती नकाशावर कोणी, कधी, कशी मारली? ती वीस मीटर आत आली तर तुमचं घर अनधिकृत, वीस मीटर बाहेर गेली तर शेजारच्या हॉटेलची भिंत कायदेशीर. अधिसूचना दिल्लीत निघते, पण तुमच्या सर्व्हे नंबरचा निकाल नकाशावर लागतो.

---

गिरगावकर_चाकरमानी

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न सरळ आहे. आजोबांनी बांधलेलं घर, समुद्र हाकेच्या अंतरावर. तौक्ते वादळात कौलं गेली, वासे कुजलेत. गणपतीला जातो तेवढंच. आता तिथे स्लॅब टाकून वर एक खोली काढायची तर चालेल का? ग्रामपंचायतीत विचारलं तर ‘बांधा हो, कोण बघतो’ असं उत्तर मिळालं.

---

मोजणीदार

भूमी अभिलेख खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. म्हणून थोडं लांबण लावतो.

गिरगावकर, आधी तुमचं घर ना-विकास क्षेत्रात आहे का ते बघा. असेल तर असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण आहे त्या जोत्यावर, आहे त्या चटईक्षेत्रात. वरची खोली यात बसत नाही. ना-विकास क्षेत्राच्या पलीकडे, ५०० मीटरच्या आत असाल तर नऊ मीटर उंचीपर्यंत तळमजला आणि एक मजला. स्वतः राहायच्या घराचं एकूण बांधकाम ३०० चौरस मीटरपर्यंत असेल तर २०१९ पासून किनारा प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही, स्थानिक नियोजन प्राधिकरण मंजुरी देऊ शकतं. पण त्यांनीही ती अधिसूचना तपासूनच द्यायची असते. ‘कोण बघतो’ ही मंजुरी नव्हे. उद्या कोणी तक्रार केली तर ते सांगणारे तुमच्या बाजूने उभे राहणार नाहीत.

आता खरी मेख ‘अधिकृत’ या अटीत आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांना बांधकाम परवाना कुठे असतो? असतो तो असेसमेंटचा उतारा, नमुना आठ, घरपट्टीच्या पावत्या. १९९१ च्या आधीच्या पावत्या असतील तर जिवापाड जपा. लाकडी पेटीत असतील तर वाळवी लागायच्या आधी स्कॅन करा.

कातळसड्याने शून्याचा मुद्दा काढला तो सोळा आणे खरा. भरतीरेषा म्हणजे उधाणाच्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथपर्यंत पोचतं ती रेषा. रोजच्या भरतीची नव्हे आणि वादळात पाणी घुसतं तीही नव्हे. प्रत्यक्ष बघायला गेलं तर पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, वरच्या अंगाला वाळूचा उंचवटा असतो, तिथून मर्यादवेल सुरू होते, मागे केवडा, उंडी, सुरू. अशा खुणांवरून रेषा ठरते. खडकाळ किनाऱ्यावर खडकाच्या खुणा, बंधारा असेल तर बंधारा. पूर्वी वेगवेगळ्या मान्यताप्राप्त संस्था ही रेषा आखून द्यायच्या आणि दोन संस्थांच्या दोन रेषा निघायच्या. २०१९ पासून चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राची रेषा प्रमाण धरायची असं ठरलं. एक रेषा झाली हे चांगलंच झालं. पण ती चुकली तर सगळीकडे एकसारखी चुकणार.

आता प्रमाणाचं गणित करा. आराखड्याचा नकाशा १:२५,००० चा असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या पेनाने ओढलेल्या रेषेची जाडीच साडेबारा मीटर. तुमचं घर अंगणासकट त्या शाईखाली मावतं! म्हणून कायम १:४,००० चा गावपातळीचा नकाशा मागा, सर्व्हे नंबर चढवलेला. तिथे मिलिमीटरला चार मीटर. तरीही चार मीटर म्हणजे एक पडवी झालीच.

प्रमाणाने काय फरक पडतो याचा सरकारी पुरावाच आहे. शाळेत आपण भारताचा किनारा ७५१६ किलोमीटर असं घोकलं. अलीकडे तोच बारकाईने मोजला तर ११,०९८ किलोमीटर भरला. देश काही वाढला नाही. खाड्या, कोंडी, बेटं जास्त नीट दिसली.

---

रापण

मोजणीदारकाकांनू, तुमचा गणित बरा आसा. पण आमका विचारश्यात तर रेषेच्या ह्या बाजूक आमी आणि त्या बाजूकव आमीच.

रापण वडूक किती जागा लागता ता म्हायत आसा काय कोणाक? होडी जाळा घालीत फिरान येता, दोन टोकांचे दोर किनाऱ्यार. मगे दोनय बाजूक माणसा दोर धरून पाठी पाठी सरकत रवतत, पुळण चढान सुरूच्या मुळापर्यंत. आता तय तंबू, खुर्च्यो, ‘बीच फेसिंग’ पाटी. दोर वडतांना तंबवाचो खुटो मधी येता आणि तंबवाचो मालक आमकाच सांगता, ‘गिऱ्हाईकांका त्रास होता, वायंच पलीकडे वडा.’

मासळी सुकवूक जागा, जाळी विणूक मांगर ह्या सगळा २०१९ च्या कागदात ना-विकास क्षेत्रात चलता असा लिवला आसा. वाचलंय मी. पण मांगराची कौला बदलूक गेलंय तर नोटीस. आणि शेजारी काँक्रीट होता तेका कोण विचारणा नाय. रेषा ५० वर आसा नायतर ५०० वर, आमका काय फरक पडता?

---

कातळसडा

रापणदादा, तंबूचंच सांगतो. २०१९ मध्ये पुळणीवर तात्पुरत्या पर्यटन सुविधांना परवानगी आहे, पण भरतीरेषेपासून किमान दहा मीटर सोडून. तुमचे दोर जिथे जातात तेवढीच ती जागा. अधिसूचना लिहिणाऱ्याने रापण ओढताना कधी पाहिली नसावी असं वाटतं. ग्रामसभेच्या ठरावात रापणीची जागा नकाशावर आखून टाकलीत तर निदान पुढच्या वेळी हरकतीला आधार होईल. तोंडी हक्क नकाशावर उमटत नाही, हेच आपलं दुखणं आहे.

---

नाठाळ

परत तेच रडगाणं. गोव्यात शॅक चालतात, केरळात रिसॉर्ट चालतात, आम्ही मात्र वाळूत शंख वेचत बसायचं. पोरं मुंबईला जातायत, गावात म्हातारे आणि कुत्री उरलीत. किनारा खुला करा, पैसा येऊ द्या. पर्यावरणवाले पुण्यात एसीत बसून आम्हाला कासवं दाखवतात.

---

सुरूबन

नाठाळ, मी इथेच राहते आणि पर्यटनावरच माझं घर चालतं, म्हणून मी उत्तर देते. सीआरझेडचे नियम गोव्यालाही लागू आहेतच. २०११ मध्ये गोव्यासाठी वेगळं कलम होतं हे खरं, पण तिथेही शॅक हंगामी आणि तात्पुरते.

आपल्यालाही काही कमी दिलेलं नाही. किनाऱ्यावरच्या स्थानिकांना आहे त्या घरात होमस्टे चालवता येतो. अट एवढीच की जोतं, घराचा आराखडा, दर्शनी भाग बदलायचा नाही. माझ्या चार खोल्या तशाच चालल्यात. चिरेबंदी घर, पुढे ओटी, मागे विहीर. पाहुण्यांना तेच हवं असतं, आणि ज्यांना जकूझी हवं त्यांनी दुसरीकडे जावं!

आणि कासवांचं म्हणाल तर वेळास, आंजर्ल्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये या. कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला माणसं येतात, घरोघरी उतरतात, भाकरी आणि कुळथाचं पिठलं जेवतात. ऑलिव्ह रिडले जिथे अंडी घालतात ती जागा सीआरझेड-१अ मध्ये जाते, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. ती मोकळी पुळण हेच त्या गावांचं भांडवल आहे. कासवाला दिव्यांचा झगमगाट चालत नाही, पिल्लं उजेडाकडे भरकटतात. हे मला कोणा पुणेकराने सांगितलेलं नाही.

३ जून २०२० आठवतंय ना? निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं. आमच्याकडे पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. पण सुरूच्या आणि केवड्याच्या मागे असलेली घरं आणि अगदी वाळूवर बांधलेली घरं यांच्यात काय फरक पडला तो मी डोळ्यांनी पाहिलाय. दोनशे मीटर हा आकडा मला तेव्हापासून फार मोठा वाटत नाही.

---

नाठाळ

बरं ताई, होमस्टे मान्य. पण मोठा उद्योग तुमच्या चार खोल्यांवर येणार नाही एवढंच म्हणणं होतं.

---

खारेपाटकर

सिंधुदुर्ग-रत्नागिरीवाले समुद्राकडे बघून बोलतायत. आमच्या अलिबाग-पेणच्या खारेपाटात पाणी मागून येतं, खाडीतून. त्यावर कोणी बोलत नाही.

आमची भातशेती खारबंदिस्तीतली. खाडीच्या अंगाला मातीचा बाहेरकाठा, त्यात उघाडी. ओहोटीला उघाडीची झडप उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला ती बंद होते. पिढ्यान्‌पिढ्या गावकी मिळून बांध राखायची. मग खारभूमीचं खातं आलं, १९७९ चा कायदा आला, आणि बांध राखणं ‘सरकारचं काम’ झालं. सरकारचं काम झालं म्हणजे पुढे काय होतं ते सांगायला नको.

एका उधाणाला आमच्याकडे बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं. अर्ज केले. पुढच्या वर्षी खांड रुंदावली. शेतात खारं पाणी बसलं, भात गेला, आणि काही वर्षांत तिवरं उगवली. आता मजा ऐका. २०१९ ची अधिसूचना म्हणते की बांध किंवा उघाडी १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीची असेल तर भरतीरेषा त्या बांधावरच थांबते. वाचून आनंद झाला, म्हटलं सुटलो. पण मूळ मजकुरातलं पुढचं वाक्य असं होतं की बांधाच्या आत खारं पाणी शिरून जी कांदळवनं उगवली असतील ती सीआरझेड-१अ, मग क्षेत्र कितीही असो.

म्हणजे सातबारा माझा, आकार भरणारा मी, बांध फुटला दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे, आणि आता माझ्याच शेतातल्या झाडाला मी हात लावला तर गुन्हा. तिवर तोडा असं मी म्हणत नाही. कांदळवनात मासळी वाढते, लाटा अडतात हे आम्हाला माहीत आहे, चिंबोऱ्या आम्हीच खातो. पण एक एकराची भरपाई कोण देणार? कांदळवनासाठी शेत गेलं तर भूसंपादन म्हणून मोबदला द्या. रेषा आखून जमीन फुकटात घ्यायची, असं नको.

आणि एक. खाडीकाठचा पट्टा २०११ मध्ये १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी ते, असा होता. आता ५० मीटर किंवा रुंदी. तो शेतकऱ्यासाठी केला असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खाडीकाठच्या प्लॉटिंगच्या जाहिराती कधीपासून वाढल्या ते बघा.

---

मोजणीदार

खारेपाटकर, त्या ५० ची कथा जुनी आहे. १९९४ मध्ये केंद्राने नदी-खाडीकाठचा पट्टा १०० वरून ५० वर आणायची दुरुस्ती केली होती. सोबत २०० मीटरचं ना-विकास क्षेत्र हवं तिथे सैल करायचा अधिकारही स्वतःकडे घेतला होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी रद्द केल्या. त्याच निकालात राज्यांना आराखडे करायला लावले, कारण वर्षभरात करायचे आराखडे कोणी केलेच नव्हते. महाराष्ट्राचा पहिला आराखडा त्यानंतर १९९६ मध्ये मंजूर झाला. आणि जे ५० तेव्हा न्यायालयात टिकले नाहीत ते २०१९ मध्ये नव्या अधिसूचनेत अलगद येऊन बसले.

खाडी कुठवर धरायची यालाही माप आहे. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत पाण्याची क्षारता हजारी पाच भाग असेल तिथपर्यंत सीआरझेड. तुमच्या गावात ते पाणी कोणी, कधी तपासलं ते माहितीच्या अधिकारात विचारा. पावसाळ्यानंतर लगेच तपासलं असेल तर खाडी आखूड दिसेल.

---

परदेशस्थ_पोफळी

मूळ गाव गुहागरकडचं, सध्या न्यू जर्सीत. इथल्या किनाऱ्याचा प्रकार सांगतो, तुलना म्हणून.

अमेरिकेत १९८२ चा एक कायदा आहे, किनाऱ्यालगतच्या वाळूच्या बेटांसाठी आणि दांड्यांसाठी. गंमत म्हणजे तो बांधकामाला बंदी घालत नाही. म्हणतो, नकाशातल्या पट्ट्यात खुशाल बांधा, पण केंद्र सरकार पूरविमा देणार नाही, रस्त्यापुलांना पैसा देणार नाही. वादळात गेलं तर तुमचं तुम्ही बघा. सरकारी पैसा वाचतो आणि पुष्कळ जागा आपोआप मोकळ्या राहतात.

आणि त्या पट्ट्याची हद्द बदलायची तर काही मोजके अपवाद सोडता तिथल्या संसदेला कायदा करावा लागतो. नवे नकाशे जोडून असे कायदे होतात, २०१८ मध्येही झाला. कुणाची चार घरं चुकून आत आली असली तरी खासदाराला विधेयक आणावं लागतं. वेळ फार लागतो, लोक वैतागतात, पण कोणी हद्द कशी बदलली आणि कोणासाठी ते सभागृहाच्या नोंदीत राहतं. शिवाय वाळू सरकते म्हणून दर पाच वर्षांनी नकाशांचा आढावा घ्यायची तरतूद आहे, आणि तेवढा नैसर्गिक बदल खातं स्वतः करू शकतं.

तिथलं सगळं गोड आहे असं नाही. श्रीमंतांची समुद्राकाठची घरं इथेही आहेत आणि त्यांचे वकीलही.

---

कातळसडा

पोफळी, हे फार कामाचं सांगितलंत. आपल्याकडेही हद्दीला असा पहारा देण्याची पद्धत आहे, फक्त किनाऱ्याला नाही. मालवणचं सागरी अभयारण्य घ्या. १९८७ ला जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचं पाणी. ते वन्यजीव कायद्याखाली आहे. त्या कायद्यात एके काळी अभयारण्याची हद्द बदलायला राज्याच्या विधिमंडळाचा ठराव लागायचा. २००२ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. अभयारण्याला मालवणात विरोध आहे, मच्छीमारांना विचारलं नाही ही तक्रार पहिल्या दिवसापासूनची आणि रास्त आहे. पण हद्द हलवायची तर दार ठोठवावं लागतं एवढं खरं. सीआरझेडची रेषा हलवायला राजपत्राचा एक अंक पुरतो.

संसदेने यात अलीकडे हात घातला तो शिक्षेला. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतची कैद गेली, त्या जागी दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आला. समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या हॉटेलला पंधरा लाख म्हणजे किती, तो हिशोब करा.

आता देवबागचं बघा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी, मधे वाळूचा दांडा आणि त्यावर गाव. समुद्राकडून २०० मोजले आणि खाडीकडून ५०, तर उरतं काय? त्यात दर पावसाळ्यात धूप. धूपप्रतिबंधक बंधारा घातला की त्या तुकड्यात रेषा दगडाला चिकटते आणि बंधारा संपतो तिथून पुढची वाळू खचते. अशा गावाला पाच वर्षांनी आढावा हवाच. आपल्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाची धोक्याची रेषाही आहे, धूप आणि समुद्राची वाढती पातळी धरून. पण ती फक्त आपत्ती व्यवस्थापनासाठी. बांधकाम थांबवायला तिचा उपयोग नाही. ज्या रेषेत समुद्र कुठे येणार ते कळतं, तिला अधिकार नाही, आणि जिला अधिकार आहे ती काल समुद्र कुठे होता ते सांगते.

नाठाळ, तुमच्या मोठ्या उद्योगाची सोय झालेली आहे, काळजी नको. २०१९ च्या अधिसूचनेत एक कलम आहे. ना-विकास क्षेत्रातून राष्ट्रीय किंवा राज्य महामार्ग जात असेल तर रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला, ना-विकास क्षेत्रातच, रिसॉर्ट-हॉटेलांना परवानगी. अट फक्त मंजूर आराखड्यात पर्यटन योजना असण्याची. आता रेवस-रेडी सागरी महामार्गाचा नकाशा समोर ठेवा आणि तुमच्या गावात तो किनाऱ्यापासून किती मीटरवरून जातो ते बघा. रस्ता समुद्राला जितका चिकटेल तितकी हॉटेलची जागा पुढे सरकेल. दोनशे मीटर कागदावर दोनशेच राहतील. सर्वांचं लक्ष २१६१ वर आहे, आणि माझ्या मते कोकणाचा निकाल या महामार्गाच्या कलमात लागणार आहे.

---

गिरगावकर_चाकरमानी

बाप रे. सागरी महामार्गासाठी आम्ही मुंबईत सह्या गोळा केल्या होत्या.

---

सुरूबन

रस्ता हवाच आहे हो, आमच्या गावातून पेशंट न्यायला अजून खाडीला वळसा पडतो. रस्ता कुठून जातो हा प्रश्न आहे.

---

रापण

आचऱ्याचा कोणी सांगूक नाय. अधिसूचनेत नाजूक किनारी क्षेत्रांची यादी आसा, तेच्यात ‘मालवण, आचरा-रत्नागिरी’ असा लिवला हा. अरे, आचरा मालवण तालुक्यात, सिंधुदुर्गात! २०११ च्या यादीत तसाच, २०१९ च्या यादीतय तसाच. आठ वर्सांत कोणाक दुरुस्त करूचा सुचला नाय. आणि हेंच्या नकाशार आमी आमच्या घराचो भरवसो ठेवूचो.

---

मोजणीदार

हे मात्र झकास पकडलंत!

आता कामाचं. महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर जिल्हावार आराखड्याच्या शीट आहेत. आपल्या गावाची शीट उतरवून घ्या. गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. दोन्ही शेजारी ठेवून तीन गोष्टी बघा: भरतीरेषा तुमच्या सर्व्हे नंबरच्या कुठल्या अंगाने जाते, जुना बांध किंवा उघाडी दाखवली आहे का, आणि मासळी सुकवायच्या, होड्या ओढायच्या जागा कोरड्या पुळणीत गडप झाल्यात का. फरक दिसला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि प्राधिकरणाकडे लेखी द्या, पोच घ्या. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. २०२० मध्ये करोनाच्या काळात आराखड्यांच्या ऑनलाइन सुनावणीचा घाट घातला गेला तेव्हा मच्छीमारांनी आवाज उठवला. पण सुनावणीला जाऊन नुसतं ‘आमचा विरोध’ म्हटलं तर इतिवृत्तात एक ओळ येते. सर्व्हे नंबर आणि फोटोसकट लिहिलं तर त्यांना उत्तर द्यावं लागतं.

---

खारेपाटकर

शीट उघडली. बांध दिसतोय, उघाडी दाखवलेली नाही. माझ्याकडे आजोबांच्या वेळची खारभूमीची एक नोटीस आहे, तिच्यात उघाडीचा उल्लेख आहे. अर्ज लिहायला घेतलाय, मसुदा इथे टाकतो, मोजणीदारकाकांनी एकदा नजर फिरवावी.

---

कातळसडा

टाका. गट नंबर तेवढा झाकून टाका, नाहीतर उद्या सकाळी दलाल तुमच्या ओटीवर चहा पीत बसलेला असेल.